काटा पायात, गाठ जांघेत

अनवाणी चालताना पायात काटा मोडतो. काटा निघतो, पण जखम चिघळते. दोन दिवसांनी त्याच पायाच्या जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागते. ‘अवधाण आलं’ असे घरातली मोठी माणसे सांगतात. जखम हाताला असेल तर गाठ काखेत येते. दाढ किडली किंवा घसा सुजला तर ती जबड्याखाली येते. जखम बरी झाली की बहुतेक वेळा गाठही हळूहळू ओसरते.

हा अनुभव इतका नेहमीचा आहे की त्यातला प्रश्न आपल्या लक्षातच येत नाही. काटा मोडला तळपायात. मध्ये घोटा आहे, पोटरी आहे, गुडघा आहे, मांडी आहे. तिथे कुठेही काही दिसत नाही आणि गाठ येते ती थेट जांघेत. असे का?

वर्गात विचारून पाहा. ‘विष वर चढतं’ हे उत्तर हमखास येईल. ते अगदीच टाकाऊ नाही. काहीतरी वर चढते हे खरे आहे. पण काय चढते, कोणत्या वाटेने चढते आणि जांघेतच का थांबते?

पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी विखुरलेले असते. रक्ताभिसरणाच्या धड्याच्या शेवटी लसीकेवर एक परिच्छेद येतो, आणि रोगांच्या धड्यात प्रतिकारशक्तीची माहिती येते. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी शिकवले जाते आणि वेगवेगळे पाठ केले जाते. प्रत्यक्षात एक समजल्याशिवाय दुसरे समजत नाही. म्हणून इथे दोन्ही एकत्र पाहू.

रक्तातून गळणारे पाणी

हृदय रक्त ढकलते. धमन्यांना फाटे फुटत फुटत शेवटी केसाहून बारीक केशवाहिन्या होतात. त्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. रक्त दाबाखाली असल्यामुळे त्यातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, थोडा थोडा भिंतीतून बाहेर झिरपतो आणि पेशींच्या मधल्या फटींत पसरतो. हे गळणे बिघाड नव्हे. याच पाण्यातून पेशींना अन्न मिळते.

पण गळलेले पाणी परत गेले पाहिजे. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्त सुमारे ५ लिटर, आणि त्यातले रक्तद्रव सुमारे ३ लिटर. दिवसभरात तेवढे किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर झिरपते. ते बाहेरच राहिले तर एका दिवसात रक्त आटेल आणि शरीर सुजेल. बरोबर काही प्रथिनेही बाहेर पडतात, आणि ती केशवाहिन्यांत उलट शिरू शकत नाहीत.

झिरपलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला परत आत शोषले जाते, असे जुनी पुस्तके सांगत. गेल्या काही दशकांच्या अभ्यासातून दिसले आहे, की बऱ्याच अवयवांत असे परत शोषण फारसे होत नाही. पाणी आणि प्रथिने परत नेण्याचे मुख्य काम दुसऱ्याच वाहिन्या करतात. त्या म्हणजे लसीकावाहिन्या, आणि त्यांच्यातून वाहणारा जवळजवळ रंगहीन द्रव म्हणजे लसीका.

या वाहिन्यांची सुरुवात एका बाजूने बंद असलेल्या बारीक नळ्यांनी होते. नळीच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात आणि बारीक धाग्यांनी भोवतालच्या ऊतीला बांधलेल्या असतात. बाहेर पाणी साचून ऊती फुगली की धागे ताणले जातात, कौले उचलली जातात आणि पाणी आत शिरते. आतला दाब वाढला की कौले मिटतात. दार फक्त आतल्या बाजूला उघडते.

पुढे या नळ्या एकत्र येऊन मोठ्या होतात. त्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंतीतले स्नायू थोडे थोडे आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू त्यांना दाबतात, श्वासाच्या हालचालीने ओढ मिळते, आणि जागोजागच्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत. दहा तास एसटीत बसून प्रवास केला की पाय सुजतात, याचे एक कारण इथे आहे: पोटऱ्या हलल्या नाहीत, उपसा मंदावला. शेवटी दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी बाजू यांची लसीका सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या एका मोठ्या वाहिनीतून वर जाते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत, म्हणजे रक्तात, मिसळते. डोके, छाती आणि हात यांच्या उजव्या बाजूची लसीका उजवीकडे मिसळते.

या वाहिन्या रंगहीन असल्यामुळे शतकानुशतके नजरेतून सुटल्या. १६२२ मध्ये इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ गास्पारो आसेल्ली नुकत्याच भरपेट जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडून पाहत होता. आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. आधी त्या नसा वाटल्या. एक दोरा कापला तर दुधासारखा द्रव बाहेर आला. अन्नातली चरबी आतड्यातून लसीकावाहिन्यांत जाते, म्हणून जेवणानंतर त्या पांढऱ्या दिसतात. कुत्रा उपाशी असता तर त्याला कदाचित काहीच दिसले नसते.

वाटेवरच्या गाठी

आता जांघेकडे वळू. लसीका रक्तात मिसळण्याआधी वाटेत लहान लहान गाठींमधून जाते. या लसीकाग्रंथी. माणसाच्या शरीरात त्या साधारण पाचशे ते सातशे असतात. काही डाळीच्या दाण्याएवढ्या, काही वालाच्या दाण्याएवढ्या. जांघेत, काखेत, मानेत, जबड्याखाली, छातीत आणि पोटात त्यांचे पुंजके असतात. पायाची लसीका जांघेतल्या गाठींतून, हाताची काखेतल्या गाठींतून आणि तोंड-घशाची जबड्याखालच्या व मानेतल्या गाठींतून जाते. काटा पायात आणि गाठ जांघेत याचा अर्धा उलगडा इथेच होतो. पायाच्या सांडपाण्याची वाट जांघेतून जाते.

पण ग्रंथी सुजते का? ग्रंथी म्हणजे गाळणी, तिथे जंतू अडतात, असे उत्तर पुस्तकात मिळते. ते खरे आहे. ग्रंथीच्या आत बसलेल्या भक्षक पेशी जंतू आणि कचरा गिळतात. पण नुसती गाळणी एवढी मोठी आणि दुखरी का व्हावी? त्यासाठी आपल्या संरक्षणव्यवस्थेची एक अडचण समजून घ्यावी लागेल.

किल्ल्या आधी, कुलूप नंतर

शरीराच्या संरक्षणाच्या दोन फळ्या आहेत. पहिली फळी जन्मापासून तयार असते: त्वचा, श्लेष्मल आवरणे आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिली बेटावर तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. आपल्या पायातल्या काट्याभोवतीही पहिल्या काही तासांत हेच घडते. जागा लाल होते, गरम लागते, ठणकते, पू होतो. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. ही फळी जलद आहे, पण ती जंतूंच्या ढोबळ खुणाच ओळखते.

दुसरी फळी लसीकापेशींची. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार आहेत. इंग्रजी पुस्तकांत त्यांना लिम्फोसाइट म्हणतात. प्रत्येक लसीकापेशीच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारे रेणू असतात आणि एका पेशीवर ते एकाच नमुन्याचे असतात. म्हणजे एक पेशी जंतूच्या एकाच विशिष्ट खुणेला चिकटू शकते. या खुणेला प्रतिजन म्हणतात.

इथे बहुतेकांचा एक समज असतो: जंतू आला, शरीराने त्याला पाहिले आणि त्याच्याविरुद्ध हत्यार घडवले. तसे होत नाही. कुलूप पाहून किल्ली घडवली जात नाही. कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्या आधीच बनवून ठेवलेल्या असतात, आणि जी जुळेल तिच्या भराभर नकला काढल्या जातात. ही कल्पना ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये स्पष्टपणे मांडली. पेशी जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या रीतीने जोडून इतके नमुने कसे तयार करते, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले.

या पद्धतीचा फायदा मोठा आहे. पूर्वी कधीच न आलेल्या जंतूसाठीही एखादी किल्ली सापडते. पण तोटाही आहे. नमुने कोट्यवधी असल्यामुळे प्रत्येक नमुन्याच्या पेशी अगदी थोड्या असतात. एखाद्या नव्या प्रतिजनाला ओळखणारी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एक असते. जंतू तळपायात आहे आणि ती एक पेशी त्या वेळी कदाचित कानाच्या पाळीतल्या रक्तात फिरत आहे. दोघांची गाठ पडायची कशी?

आठवडी बाजार

खेड्यातल्या शेतकऱ्याला एका विशिष्ट जातीचा बैल हवा आहे. तो गावोगाव हिंडला तर महिने जातील. म्हणून तो बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावी जातो. विकणारेही तिथेच येतात. लसीकाग्रंथी हा असाच बाजार आहे.

एका बाजूने माल येतो. त्वचेत आणि इतर ऊतींत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचे वर्णन केले. जखमेत आलेला जंतू या पेशी गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून लसीकावाहिनीत शिरतात. पायातून निघालेल्या या पेशी जांघेच्या ग्रंथीत येऊन थांबतात. ‘वर चढते’ ते प्रामुख्याने हे: विष नव्हे, जखमेची खबर.

दुसऱ्या बाजूने गिऱ्हाईक येते. लसीकापेशी रक्तातून ग्रंथीत उतरतात, अर्धा-एक दिवस आत फिरतात, मांडलेले तुकडे तपासतात. काही जुळले नाही तर लसीकेबरोबर बाहेर पडतात, रक्तात जातात आणि दुसऱ्या ग्रंथीत उतरतात. हे त्यांचे फिरणे ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केले. त्याआधी या पेशी अल्पायुषी असाव्यात असे अनेकांना वाटे, आणि त्या करतात काय हेही कळले नव्हते. गोवन्स यांनी उंदराच्या मोठ्या लसीकावाहिनीतून लसीका सतत बाहेर काढली, तेव्हा लसीकापेशींची संख्या घसरली. त्याच पेशी खूण करून रक्तात परत सोडल्या, तर त्या पुन्हा लसीकेत आल्या. म्हणजे त्या मरत नव्हत्या, फेरी मारत होत्या.

आता समजा जुळणी झाली. ती लसीकापेशी थांबते, मोठी होते आणि विभागू लागते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. त्याच वेळी ग्रंथीकडे येणारे रक्त वाढते, आत येणाऱ्या पेशी वाढतात आणि बाहेर जाणाऱ्यांची वाट काही काळ अडवली जाते. ग्रंथी फुगते, तिचे आवरण ताणले जाते आणि ती दुखते. हेच अवधाण. विष साचल्यामुळे ते येते असे नाही. जुळलेली किल्ली सापडली आहे आणि तिच्या नकला काढणे चालू आहे, याची ती खूण आहे.

मात्र प्रत्येक गाठ अशी निरुपद्रवी नसते. क्षयाचे जंतू ग्रंथीतच ठाण मांडतात, तेव्हा मानेत गंडमाळा येतात. कर्करोगाच्या पेशीही लसीकेच्याच वाटेने ग्रंथीत पोचतात. म्हणून स्तनाच्या कर्करोगात डॉक्टर काख तपासतात. दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी, वाढत जाणारी, किंवा घट्ट आणि न दुखणारी गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

बी, टी आणि आठवण

लसीकापेशी मुख्यतः दोन प्रकारच्या. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. प्रतिपिंडे म्हणजे जंतूच्या खुणेला चिकटणारी, रक्तात विरघळलेली प्रथिने. पूर्ण तयार झालेली एक पेशी सेकंदाला सुमारे दोन हजार प्रतिपिंडे बाहेर टाकू शकते. ‘बी’ हे अक्षर कोंबडीकडून आले. कोंबडीच्या शेपटाजवळ बर्सा नावाची एक पिशवी असते. ती काढून टाकली तर पक्षी प्रतिपिंडे नीट करू शकत नाहीत, हे १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापून आले. माणसाला बर्सा नाही. आपल्या बी पेशी हाडांतल्या अस्थिमज्जेत तयार होतात.

टी पेशी छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत घडतात. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी या ग्रंथीचे महत्त्व दाखवण्याआधी तिला निरुपयोगी समजत. काही टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना ठार करतात, तर काही बी पेशींना आणि भक्षक पेशींना मदत करतात. एचआयव्ही विषाणू या मदतनीस पेशींवरच घाला घालतो, म्हणून सगळीच व्यवस्था कोलमडते.

थायमसमधली परीक्षा कडक असते. किल्ल्या योगायोगाने बनतात, त्यामुळे काही आपल्याच शरीराच्या पेशींना लागू पडतात. अशा पेशी तिथेच मारल्या जातात. निरुपयोगी पेशीही मरतात. शंभरातल्या पाचही पास होत नाहीत. एवढे करूनही निसटलेल्या पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. हा आवर सुटला तर सांध्यांचा आमवात किंवा बालवयातला मधुमेह यांसारखे आजार होतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती पाहताना हे आठवावे. ही व्यवस्था म्हणजे टाकीतले पाणी नव्हे, की जितके जास्त तितके चांगले.

लढाई संपल्यावर बहुतेक नकला मरतात, पण काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे राहतात. पुढच्या वेळी तोच जंतू आला तर लाखात एक पेशी शोधावी लागत नाही. लसीचे तत्त्व हेच. लस म्हणजे रोगाशिवाय पाठवलेली खबर. दंडात टोचलेली लस काखेतल्या ग्रंथीत वाचली जाते. २०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यावर अनेकांच्या त्याच बाजूच्या काखेत गाठ आली होती, ती यामुळेच.

वाट तुंबली तर

निचरा आणि पहारा ही दोन कामे एकाच वाटेवर आहेत, याचा सर्वांत कटू पुरावा म्हणजे हत्तीरोग. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा जिल्ह्यांत तो फार पूर्वीपासून आहे. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तो पसरवतात. डासांच्या शरीरात या कृमीची वाढ होते, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमध्ये काम करताना दाखवले.

दोऱ्यासारखा हा कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत काही वर्षे राहतो. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात. मग पाणी उपसले जात नाही, पाय सुजतो. साचलेल्या पाण्यात प्रथिने असल्यामुळे ऊती हळूहळू जाड आणि टणक होतात.

पण केवळ सूज एवढेच दुखणे नसते. रुग्णाला वारंवार थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. बोटांच्या बेचक्यांतल्या बारीक भेगांतून साधे जीवाणू आत शिरतात. निरोगी पायात त्यांची खबर लगेच जांघेत पोचली असती. इथे वाटच तुंबली आहे. खबर नीट पोचत नाही, जंतू फोफावतात, आणि तापाच्या प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या वाहिन्यांची आणखी हानी होते. म्हणून अशा रुग्णाला मोठा आधार मिळतो तो साध्या गोष्टींचा: पाय रोज साबण-पाण्याने धुऊन, बेचके कोरडे करणे, भेगांवर वेळेवर उपचार करणे, चप्पल घालणे, बसताना पाय उंच ठेवणे आणि घोटा हलवत राहणे.

एकदा हत्तीपाय झाला की गोळ्यांनी तो पूर्ववत होत नाही. म्हणून जोर आधीच्या टप्प्यावर आहे. कृमीची सूक्ष्म पिले रात्री रक्तात येतात. त्यासाठीच रक्तनमुने रात्री घेतले जात. ज्याच्या रक्तात ती आहेत तो माणूस बाहेरून ठणठणीत दिसू शकतो आणि तरीही डासामार्फत रोग पसरवतो. लागण अनेकदा बालपणीच होते आणि पाय सुजतो तो वर्षांनंतर. २००४ पासून देशात रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्वांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम चालते, आणि २०२७ पर्यंत हा रोग हटवण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. ‘मला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न या मोहिमेतली मोठी अडचण आहे. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे सोडून बाकीच्यांनी ती जेवल्यानंतर घ्यायची असते. हे विद्यार्थ्यांना कारणासह सांगणारा शिक्षक असेल, तर ते घरी जाऊन इतरांना पटवतात.

वर्गात करून पाहा

शाळेतल्या दोनशे मुलांना वेगवेगळ्या आकड्यांच्या चिठ्ठ्या द्या. एका मुलाकडे दुसरी चिठ्ठी द्या. त्याने आपल्या आकड्याचा जोडीदार शोधायचा. आधी सगळे मैदानभर पांगलेले असताना, मोठ्याने न बोलता, एकेकाला विचारत शोधू द्या. मग त्याला फाटकात उभे करा आणि सर्वांना रांगेने त्याच्यासमोरून जाऊ द्या. दोन्ही वेळा घड्याळ लावा. लसीकाग्रंथी का लागतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पुढचा भाग फळ्यावर. जुळलेली पेशी साधारण दर बारा तासांनी एकाच्या दोन होते असे धरा. १, २, ४, ८ असे मुलांना लिहायला सांगा. हजाराच्या वर जायला दहा दुपटी, म्हणजे पाच दिवस लागतात. त्यात खबर पोचण्याचा, जुळणी होण्याचा आणि तयार पेशी व प्रतिपिंडे रक्तातून जखमेपर्यंत जाण्याचा वेळ मिळवा. नवा आजार बरा व्हायला आठवडाभर का लागतो, आणि डॉक्टर लसीनंतर दोन आठवडे थांबायला का सांगतात, याचे उत्तर मुले स्वतःच काढतील.